उतरत्या पाण्यासाठी कोणते लुअर घ्यावे: फ्रॉग, स्पून, स्पिनर आणि प्लग यांचे परीक्षण

परदेशी लुअरच्या, म्हणजे माशाला भुलवणाऱ्या कृत्रिम आमिषाच्या, वेष्टनावर वसंत ऋतूसाठी जो सल्ला छापलेला असतो तो आपल्या फारसा उपयोगाचा नसतो, कारण त्या देशांतल्या वसंतात आणि आपल्या वसंतात पाण्याची चाल उलटी असते. तिकडे बर्फ वितळून नद्या चढतात, थंडीत सुस्तावलेला मासा हळूहळू उथळ पाण्यात येतो आणि दिवसागणिक त्याची भूक वाढत जाते. आपल्याकडे फाल्गुन लागतो तेव्हा धरणांतून रब्बीची आवर्तने सुटलेली असतात, जलाशयाचा काठ रोज थोडा मागे सरकत असतो आणि होळीनंतरच्या उन्हाने पाणी इतके तापू लागते की बहुतेक मासे उथळातून खोलाकडे निघतात. हे परीक्षण या उतरत्या पाण्याचे आहे. उजनीचा फुगवटा, भीमा, घोड आणि नीरा या नद्यांचे डोह आणि गावोगावचे पाझर तलाव अशा ठिकाणी फेब्रुवारी ते मे या काळात मी जी चार प्रकारची लुअर वापरतो, त्यांतले कोणते पैसे देऊन घेण्याजोगे आहे, कोणते कशासाठी आहे आणि कोणते दुकानातच राहू द्यावे, एवढाच त्याचा विषय आहे.

लुअरची निवड पाण्यावर ठरते, म्हणून पाण्याविषयी आधी सांगितले पाहिजे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमाकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडते, हे पुष्कळांनी पाहिले आहे. पण गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे आहे की त्या मंदिराप्रमाणेच घरांची जोती, विहिरींचे कठडे, शेतांचे बांध आणि बाभळीची खोडे त्याच पाण्यात आहेत आणि पातळी उतरते तशी ती एकेक करून लुअरच्या पल्ल्यात येतात. फेब्रुवारीत जो बांध दोन-अडीच पुरुष खाली असतो, तो एप्रिलमध्ये गुडघाभर पाण्यात येतो आणि मे महिन्यात त्याच्या कडेने गाळपेरीचा हिरवा पट्टा दिसू लागतो. अशा कोरड्या पडलेल्या काठाची छायाचित्रे उन्हाळ्याच्या शेवटी मोबाइलवर काढून ठेवावीत, कारण पुढच्या फाल्गुनात तीच जागा पाण्याखाली असताना लुअर कुठे टाकायचे आणि कुठे टाकायचे नाही, हे त्या छायाचित्रांइतके दुसरे काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. रोहू, कटला, महसीर यांसारखे केवळ कल्ल्यांवर जगणारे मासे त्यामुळे भर दुपारी मंदावतात आणि सकाळचे पहिले दोन तास व दिवेलागणीची वेळ एवढीच काय ती खात्रीची उरते. मात्र शेवाळाने हिरव्या झालेल्या जलाशयात रात्रभर शेवाळही ऑक्सिजन वापरत असल्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून तिथे अंधारात जाऊन बसण्यापेक्षा सूर्य उगवल्यानंतर तासाभराने सुरुवात केलेली बरी. दुपारचा वारा सुटला की तो ज्या काठावर आदळतो तिकडे तरंगते सूक्ष्म जीव आणि त्यांच्यामागे अलकूट, झिंगे यांसारखे बारीक खाद्य ढकलले जाते. तोंडावर वारा घेऊन लुअर फेकणे कठीण असले तरी मासा त्याच काठाला असतो.

या सगळ्याला अपवाद मरळीचा. कल्ल्यांबरोबर डोक्यातल्या विशेष पोकळीने ती थेट हवेतून श्वास घेते, किंबहुना तिला तो घ्यावाच लागतो, आणि म्हणून तापलेल्या, उथळ, जलपर्णीने कोंडलेल्या पाण्यातही ती टिकून राहते. पाणकणीस, लव्हाळे आणि जलपर्णी यांच्या कडेला थोड्या थोड्या वेळाने पाण्यावर येऊन घोट घेऊन परत जाणारी मरळ शांतपणे उभे राहिले तर दिसते. तिच्यासाठी पोकळ रबरी फ्रॉग हे लुअर घ्यावे, आणि या परीक्षणातली माझी सर्वांत ठाम शिफारस तीच आहे. बाकीच्या तिन्ही लुअरचे गळ जलपर्णीत अडकतात. फ्रॉगचे दोन गळ वर वळून अंगाला चिकटलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून सरकतो, दोन झुबक्यांमधल्या मोकळ्या पाण्यात उतरतो आणि मासा तोंडात धरतो तेव्हा पोकळ अंग दबून गळांची टोके बाहेर येतात.

याच रचनेत चांगला फ्रॉग आणि वाईट फ्रॉग यांतला फरक आहे, आणि तो दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो. फ्रॉग अंगठा आणि तर्जनी यांत धरून पाठीवर हलके दाबावे. रबर लगेच बसून दोन्ही गळांची टोके वर उघडी पडली पाहिजेत आणि बोट काढताच अंग पूर्ववत झाले पाहिजे. ज्यासाठी जोर लावावा लागतो तो फ्रॉग पाण्यात कितीही सुंदर चालला तरी मरळ त्याला धडक देऊन मोकळी होते, कारण तिच्या हाडाळ जबड्यात गळ रुतण्याआधीच ते कडक रबर तिच्या तोंडातून निसटलेले असते. दुसरे, नाकाशी जिथून गळाची कडी बाहेर येते तिथे फट नसावी. तिथून पाणी शिरले की फ्रॉग शेपटाकडे बसतो आणि दर दोन-तीन फेकींनंतर पिळून काढावा लागतो. पाच-साडेपाच सेंटिमीटर लांबीचा आणि १०-१२ ग्रॅम वजनाचा फ्रॉग आपल्या पाण्याला पुरतो. त्याहून मोठा दूर जातो, परंतु लहान मरळी त्याला नुसत्या ढुशा देतात. मागचे रबरी धाग्यांचे पाय बहुतेक कंपन्या गरजेपेक्षा लांब ठेवतात. ते कात्रीने दोन बोटांइतके ठेवले की फ्रॉग जागच्या जागी डावी-उजवीकडे वळतो आणि फार पुढे न सरकता मोकळ्या पाण्यात जास्त वेळ राहतो. रंगाचा विचार येथे करू नये. मासा त्याच्याकडे खालून, आभाळाच्या उजेडात पाहतो आणि त्याला पोटाची गडद आकृती तेवढी दिसते. मी काळ्या किंवा गडद तपकिरी पोटाचा घेतो आणि पाठ पिवळी असेल तर ती मला दिसावी म्हणून असते.

फ्रॉगवर झडप पडल्यावर लगेच हिसका देऊ नये. पाणी फुटते, फ्रॉग दिसेनासा होतो, दोरीला ओढ लागते, आणि ती ओढ हाताला जाणवल्यावरच रॉड मागे घ्यावा. त्यासाठी विणलेली, न ताणणारी, किमान तीस पौंडांची दोरी आणि खमका रॉड लागतो, कारण मासा लागल्यावर त्याला जलपर्णीच्या मुळांत शिरू न देता वरच्या वर काढून आणावे लागते. मे महिन्याच्या अखेरीस, वळीव पडून गेल्यावर, काही तळ्यांत तांबूस पिल्लांचा गोळा पाण्यावर वरखाली होताना दिसतो. त्याच्या खाली मरळीची जोडी राखणीला असते आणि पिल्लांच्या राखणीपायी ती समोर येईल त्यावर तुटून पडते. तिथे फ्रॉग टाकला तर मासा हमखास लागतो, आणि म्हणूनच तिथे तो टाकू नये. राखणारे गेले की बाकीचे मासे तो गोळा पाहता पाहता संपवतात आणि पुढच्या वर्षीची मरळ त्याच क्षणी गेलेली असते.

फ्रॉगनंतर मी पैसे खर्च करीन ते स्पूनवर. अमेरिकेतल्या ज्युलिओ ब्युएल यांनी १८५२ मध्ये स्पूनचे पेटंट घेतले आणि तेव्हापासून त्याच्या घडणीत सांगण्यासारखा बदल झालेला नाही: धातूचा वाकवलेला पत्रा, एका टोकाला दोरी, दुसऱ्या टोकाला गळ. साधेपणामुळे तो आपल्याकडे दुय्यम समजला जातो आणि दुकानदारही तो खालच्या खणातून काढतो, परंतु उतरत्या, तापत्या पाण्यात मासा खोल गेलेला असताना त्याच्यापर्यंत लवकर आणि ठरवलेल्या खोलीपर्यंत पोचणारे याच्याइतके दुसरे साधन नाही. फेकल्यावर दोरी सैल ठेवून मनात आकडे मोजावेत. तळ लागला की दोरी ढिली पडते; समजा बाराला तळ लागला, तर पुढच्या फेकीला नऊ-दहाला ओढायला सुरुवात करावी, म्हणजे स्पून बाभळीच्या खोडांच्या वरून येतो. मग रीळ तीन-चार फेरे फिरवून थांबावे आणि स्पून पुन्हा खाली पडू द्यावा. शिवडा आणि मोठी मरळ स्पून पडत असतानाच तो घेतात. त्या वेळी झटका बसत नाही, दोरी पडायची नुसती थांबते किंवा एका बाजूला सरकते, आणि ज्याची नजर दोरीवर नाही त्याला ते कळत सुद्धा नाही.

स्पून विकत घेताना पत्र्याची जाडी पाहावी. पातळ आणि रुंद पत्रा मोठ्या हेलकाव्यांनी, संथ खाली येतो व दोन-तीन मीटर पाण्याला चांगला. जाड आणि अरुंद पत्रा सरळ खाली जातो, वाऱ्यात दूर पडतो आणि धरणाच्या खोल बाजूला लागतो. दोन्ही मिळून १२ ते १८ ग्रॅम या वजनात घेतले तर नदी आणि जलाशय दोन्हीकडची गरज भागते. चकचकीत चांदीच्या रंगापेक्षा तांब्याचा किंवा पितळेचा, हातोडीने ठोकून खळगे पाडलेला स्पून मला आपल्या हिरवट पाण्यात अधिक भरवशाचा वाटतो. मुलामा दिलेले स्वस्त स्पून एका उन्हाळ्यात पापुद्रे टाकतात, परंतु अस्सल तांब्याचा किंवा पितळेचा पत्रा काळवंडला तर घरच्या चिंचेने घासून पुन्हा उजळतो. या लुअरची एकच खरी मर्यादा आहे: एक मीटरपेक्षा कमी पाण्यात तो निरुपयोगी ठरतो, कारण थांबवला की तळाच्या शेवाळात जातो.

स्पिनर हे नदीचे लुअर आहे. फ्रान्समधली मेप्स कंपनी १९३८ मध्ये सुरू झाली आणि तिचा अग्लिया हा स्पिनर आजही या प्रकाराचा मापदंड मानला जातो. तारेभोवती गरगर फिरणारे पाते पाण्यात जी थरथर उठवते ती मासा अंगावरच्या पार्श्वरेषेने दुरूनच टिपतो. रुंद पाते संथ ओढीवरही फिरते आणि लुअरला वर उचलून धरते, म्हणून ते डोहाच्या शेपटाकडच्या संथ पाण्याला घ्यावे. अरुंद, लांबट पाते तारेच्या जवळ फिरते व धारेत वर फेकले जात नाही, म्हणून धरणातून आवर्तन सुटलेले असताना ते योग्य. तीन क्रमांकाचे पाते पुरेसे आहे. खरेदीची परीक्षा सोपी आहे: वरची कडी चिमटीत धरून पात्यावर हलकी फुंकर मारावी. पाते लगेच फिरले तर तो स्पिनर पाण्यातही पहिल्या ओढीला फिरेल. अडखळले, तर पाते जिथे तारेला लटकते ती कडी नीट घडलेली नाही आणि मासा असलेल्या पहिल्या मीटर-दोन मीटरमधून तो मुक्यानेच येईल. स्वस्त पाकिटातले स्पिनर याच परीक्षेत नापास होतात. स्पिनरमुळे दोरीला पीळ पडतो, त्यामुळे अर्धा-पाऊण मीटर वर चांगले स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी जोडकडी, बांधल्याशिवाय तो वापरू नये.

प्लगविषयी, म्हणजे माशाच्या आकाराच्या भरीव किंवा पोकळ लुअरविषयी, माझे मत थोडे वेगळे आहे. लुअरच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे: फिनलंडमधल्या लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरून त्याला चॉकलेटची चांदी लावली आणि छायाचित्रांच्या फिल्म वितळवून त्यावर लेप दिला, आणि जखमी माशासारखी ती लडबड आजही जगभर मासे पकडते. फेब्रुवारीत, पाणी अजून निवळ आणि पुरेसे उंच असताना, जुन्या बांधावरून सव्वा-दीड मीटर खोल जाणारा तरंगता प्लग ओढावा, बांधाला ओठ, म्हणजे प्लगच्या तोंडाशी असलेली पट्टी, टेकल्याचे जाणवताच थांबावे, त्याला हातभर वर येऊ द्यावे आणि पुन्हा ओढावे. त्या थांबण्यातच झडप येते. ओठ जितका लांब आणि अंगाच्या रेषेत, तितका प्लग खोल जातो. आखूड आणि खाली वळलेला ओठ उथळ चालतो, हे पाहून निवड करावी. परंतु एप्रिल उजाडला की हेच लुअर गैरसोयीचे होते. पाण्यात उभ्या राहिलेल्या खोडांत, जलपर्णीच्या लोंबत्या मुळांत आणि जाळ्यांत त्याचे दोन तिहेरी गळ अडकतात, बाल्सा लाकडाचे हलके प्लग चैत्रातल्या वाऱ्यात फेकले जात नाहीत, आणि एका चांगल्या प्लगच्या किमतीत तीन-चार उत्तम स्पून येतात. ज्याला वर्षातून मोजकेच दिवस मिळतात त्याने प्लग सर्वांत शेवटी घ्यावा.

मऊ प्लॅस्टिकच्या मासोळ्या आणि किडे यांच्याबद्दल एवढेच सांगतो की ते चालतात, विशेषतः खोल डोहात, पण आपल्या उन्हात ते टिकत नाहीत. एप्रिलच्या दुपारी गाडीच्या डिकीत राहिलेले मऊ प्लॅस्टिक शेजारच्या प्लगच्या रंगाला चिकटून दोन्ही खराब होतात, म्हणून घेतलेच तर त्यांच्या मूळ पिशवीतच ठेवावेत.

कोणतेही लुअर घेतले तरी त्याचे गळ आणि कड्या तपासाव्यात, कारण मूळ लुअर उत्तम आणि गळ तकलादू अशी जोडी बाजारात नेहमी दिसते. गळाचे टोक नखावर टेकवून हलके ओढावे. ते घसरले तर धार नाही. कडी दोन बोटांत धरून ताणली असता उघडत असेल तर ती बदलावी. मी स्पून आणि प्लग यांवरचे तिहेरी गळ काढून मागे एकच, जाड तारेचा गळ लावतो आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतो. यामुळे खोडांत अडकणे निम्म्यावर येते, मासा सोडायचा असेल तर तो इजा न होता सुटतो, आणि दोरी ताणलेली ठेवली तर मासा निसटण्याचे प्रमाण काही वाढत नाही. महसिराच्या बाबतीत तर हा बदल अनिवार्य समजावा. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक सायक्स यांनी १८३९ मध्ये ज्या दख्खनी महसिराचे वर्णन केले तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. आज त्या पाण्यात त्याची कल्पनाही करवत नाही, आणि लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात दशकानुदशके त्याची पैदास करून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, तयार केली जात आहेत. असा मासा लागला तर ओल्या हाताने, पाण्यातच गळ काढून तो सोडावा, आणि पाणी फार तापलेले असेल त्या दिवशी त्याच्या मागे जाऊच नये, कारण दमलेल्या माशाला सावरायला लागणारा ऑक्सिजन त्या पाण्यात नसतो. महाडजवळची वाळणकोंड आणि वाडा गावाजवळचे तिळसे येथे लोकांनी श्रद्धेने राखलेले मासे आहेत. तिथे हातात रॉड घेऊन उभेसुद्धा राहू नये.

परवानगीचा प्रश्न खरेदीइतकाच महत्त्वाचा आहे. राज्यातल्या बहुतेक जलाशयांतला मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो आणि अभयारण्यांतल्या पाण्यात मासेमारीला बंदी असते. मुंबईकरांना पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनमार्फत रीतसर सोय आहे. इतरत्र संस्थेच्या माणसाला आधी भेटावे, त्याचा दुहेरी फायदा होतो: परवानगीचे कळते आणि जाळी कुठे लावली आहेत हेही तो सांगतो. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या एका ओळीत तरंगताना दिसल्या की त्यांच्या आसपास लुअर टाकायचे नाही. जाळ्यात गळ अडकला तर दोरी तोडून द्यावी आणि जाळे कुणाचे ते विचारून नुकसान भरून द्यावे. त्या जाळ्यावर एका घराचा दिवस चालतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने दोन फ्रॉग, एक पातळ आणि एक जाड स्पून आणि तीन क्रमांकाचा एक स्पिनर एवढेच घ्यावे. पन्नास लुअरचे रंगीत संच अतिशय स्वस्त मिळतात, परंतु त्यांतले बहुतेक उथळ, निवळ, थंड पाण्यासाठी आहेत आणि त्यांच्या कड्या पहिल्याच मोठ्या माशाला सरळ होतात; त्याच पैशांत एक चांगला फ्रॉग आणि एक चांगला स्पून येतो. वैशाखात वळवाचा जोरदार पाऊस झाला की ओढ्यांचे गढूळ पाणी जलाशयाला मिळते. त्या मिळणीवर, गढूळ आणि निवळ पाण्याच्या सीमारेषेवरून, रुंद पितळी पात्याचा स्पिनर अगदी संथ ओढावा. तिथे पुढचे दोन-तीन दिवस त्याच्यासारखे दुसरे लुअर चालत नाही.